कंपेलच्या पुढे: उदयनगरची एक फेरी

जन्म इंदूरचा, पण कंपेलच्या पुढे कधी गेलो नव्हतो. परगण्याची कचेरी 1720 साली जिथून इंदूरला हलली ते हे कंपेल. आजोबांच्या गप्पांतून एवढंच ठाऊक. फेब्रुवारीअखेर मावशीला घेऊन त्याच रस्त्याने उदयनगरला गेलो. गाव देवास जिल्ह्यातलं. तिथल्या चर्चमध्ये सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे.

केरळच्या या सिस्टर 1992 मध्ये इथे आल्या. आदिवासी शेतकऱ्यांना त्यांनी सावकाराचा नाद सोडून बँकेचं कर्ज काढायला शिकवलं. ज्यांचं दुकान त्यामुळे बसलं, त्यांनी मारेकरी घातला. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये समंदरसिंहने त्यांच्यावर चाकूचे पन्नासावर वार केले. हे जिथे घडलं त्या नाचनबोरच्या टेकडीचा विषय निघाला तेव्हा मावशीने एकच विचारलं, "बसमधलं कोणीच उठलं नाही का रे?"

टेकडीवर बघण्यासारखं काही शोधू नका. समाधीही साधी आहे. बाहेर चप्पल काढा, फोटोआधी विचारा, आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना मधूनच आत शिरू नका.

मला खरी ओढ होती ती पुढच्या गोष्टीची. स्वामी सदानंद नावाचे भगव्या वस्त्रातले कॅथलिक पाद्री तुरुंगात समंदरसिंहला भेटत राहिले. मग 2002 च्या राखीला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तिथे गेली आणि तिने त्याला राखी बांधली. केरळात राखीचं प्रस्थ ते काय! पण माळव्यात राखी बांधली की नातं लागतं, मग दोन्हीकडून निभवावं लागतं. माफी कोरडी राहिली असती, राखीने दोन्हीकडच्यांना कामाला लावलं. त्याच्या सुटकेसाठी बहिणीच्याच माणसांनी खटपट केली. 2006 मध्ये तो सुटला आणि पुढे केरळात जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला. आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. खून झाल्यापासून राखीपर्यंत सात वर्षं गेली, हे मात्र सांगताना लोक गाळतात.

4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी.

जाणाऱ्यांसाठी: पोहे-जिलेबी खाऊन सकाळीच निघा, वाटेत धड खायला मिळेलच असं नाही. बसने जात असाल तर उतरल्या उतरल्या परतीची वेळ विचारून ठेवा. पावसाळ्यात घाटाचा रस्ता टाळलेला बरा. पाणी जास्त घ्या. आणि समंदरसिंहचं घर विचारत फिरू नका. तो काही प्रेक्षणीय स्थळ नाही.

परतताना मावशी गप्पच होती. कंपेलला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "मी नसती बांधली हो राखी." आणि बशीत चहा ओतला.