डाळिंबाचा एक दाणा

कादंबऱ्यांतला पाताळाचा राजा हल्ली काळा लांब कोट घालतो, कमी बोलतो आणि अठराच्या वर दिसत नाही. खरं वय काही हजार वर्षं. त्याच्या दारात तीन डोक्यांचा कुत्रा असतो, पण नायिकेला बघितलं की तो शेपूट हलवतो. नायिका नुकती नव्या शाळेत आलेली, आईच्या धाकाला विटलेली. आपण हात लावू ते रोप फुलतं, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. ती ग्रीक पुराणातली पर्सेफोनी आणि तो हेडीस हे वाचक पहिल्याच प्रकरणात ओळखतो. तिला मात्र दोनशे पानं लागतात.

माझी अकरावीतली भाची या असल्या इंग्रजी कादंबऱ्या रात्री फोनवर फस्त करते. तिच्या नादानं मीही वाचायला लागले आणि, खोटं कशाला बोला, मला त्या आवडतात. फक्त मूळ ग्रीक गोष्ट आठवत असली की मधूनमधून हसू येतं. नात्याचंच बघा. हेडीस हा पर्सेफोनीच्या वडिलांचा, देवांचा राजा झ्यूसचा, सख्खा भाऊ. तिची आई, धान्याची देवी डिमीटर, ही या दोघांची बहीण. म्हणजे नायक नायिकेचा काकाही लागतो आणि मामाही. कादंबऱ्यांत हे नातं कुणी काढत नाही, आणि बरंच आहे.

ही गोष्ट सविस्तर सांगणारं सगळ्यात जुनं काव्य म्हणजे होमरच्या नावावर मोडणारं डिमीटरचं स्तोत्र. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातलं, पाचशेच्या आसपास ओळींचं. त्याची एकच हस्तलिखित प्रत टिकली, ती 1777 साली मॉस्कोत सापडली. नाव स्तोत्राचं असलं तरी मला ती एका घरातली भानगड वाटते. मुलगी मैत्रिणींबरोबर फुलं खुडत असते. नर्गिसाच्या एका अचाट फुलाला हात घालते आणि जमीन दुभंगते. वर येतो तो सोन्याचा रथ. तिच्या किंकाळ्या आधी फक्त हेकेटी ही देवी आणि सूर्य ऐकतात. आई नऊ दिवस हातात मशाली घेऊन, अन्नपाण्याविना हिंडते. शेवटी सूर्य तोंड उघडतो. काय सांगतो? की बापानंच दिली तिला, आणि जावई काही वाईट नाही; तुझाच भाऊ, एक तृतीयांश जगाचा मालक. लग्न ठरवून मोकळे झालेले नातेवाईक आईची समजूत काढताना नेमक्या याच सुरात बोलतात. तिला विचारायचं राहिलं, एवढं सोडून सगळं स्थळ उत्तम!

डिमीटर ऐकत नाही. धान्य उगवणं बंद करते. माणसं उपाशी मरायला लागतात, देवांचे नैवेद्य थांबतात, तेव्हा कुठे झ्यूस देवांचा दूत हर्मिसला खाली धाडतो. मुलगी परत येते, आईच्या गळ्यात पडते. आणि मिठी सुटायच्या आत आईचा पहिला प्रश्न येतो: तिथे काही खाल्लं नाहीस ना? खाल्लं असेल, तर परत जावं लागणार.

इथे मी दर वेळी थांबते. कारण कवीनं आपल्याला आधीच सांगितलंय, की निघताना हेडीसनं इकडेतिकडे बघत, गुपचूप तिला डाळिंबाचा एक दाणा दिला. जोर केल्याचं कवी म्हणत नाही. मुलगी आईला सांगते ते थोडं वेगळं. नको म्हणत असताना त्यानं मला बळजबरीनं खायला लावलं, असं ती म्हणते. त्याच दमात दाणा मधासारखा गोड होता हेही सांगून जाते. झालं ते आणि आईला सांगितलं ते, यात बोटभर फट राहते. माझ्या मते पाताळातल्या तरुण प्रेमकथांचं सगळं दुकान या फटीत थाटलेलं आहे.

पुढे रोमन कवी ओविडनं ती फट रुंद केली. त्याच्याकडे मुलगी बागेत फिरता फिरता स्वतःच डाळिंब तोडते, सात दाणे खाते, आणि चुगली करणाऱ्याचं घुबड करून टाकते. ही मुलगी आजच्या कादंबरीत सरळ चालत येईल. दक्षिण इटलीतल्या लोक्री या ग्रीक वसाहतीत इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत. त्यांतल्या एकीवर ती दोघं शेजारी शेजारी ऐटीत बसलीत. तिच्या हातात गव्हाच्या ओंब्या आणि कोंबडा, चेहऱ्यावर रडण्याची खूण नाही. त्या गावात ती लग्नाची देवी होती. होमरच्या काव्यात तर नायक ओडिसियस तिलाच घाबरून पाताळातून पळ काढतो.

म्हणून कादंबरीकारांनी राणीला राणी केलं यावर माझी तक्रार नाही. फक्त रोममधल्या बोर्गीझ संग्रहालयातलं शिल्पकार बर्निनीचं, हेडीस तिला उचलून नेतानाचं शिल्पही विसरू नये. ऐन तेविशीत, 1622 च्या सुमारास, त्यानं ते पुरं केलं. संगमरवरी मांडीत हेडीसची बोटं रुततात आणि तिच्या गालावर अश्रू आहे. ते बघितल्यावर काळ्या कोटाची भुरळ जरा कमी होते.

तक्रार आहे ती डिमीटरची. मूळ काव्य तिचं. या कादंबऱ्यांत मात्र ती मुलीचा फोन तपासणारी, दार बाहेरून लावणारी खलनायिका होते. प्रेमकथेला अडसर लागतो आणि आई आयती सापडते. मी हे भाचीला म्हटलं. “मावशी, पण ती आहेच तशी,” ती म्हणाली. “आल्या आल्या खाण्याचं विचारते.”

आता यावर काय बोलणार? मी स्तोत्राच्या शेवटच्या तहाच्या अटी काढल्या. एक दाणा खाल्ला म्हणून वर्षाचा एक तृतीयांश पाताळात, उरलेले दोन तृतीयांश आईकडे. चार महिने सासर, आठ महिने माहेर! दिवाळीच्या चार दिवसांसाठी भावाची वाट बघत जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी या तहावर डोळे मिटून अंगठा उठवला असता.

भाचीनं हिशेब नीट ऐकून घेतला. “आठ महिने आईकडे?” ती म्हणाली. “मग मी अजून दोन-तीन दाणे खाल्ले असते.”