कृत्रिम क्षितिज: हरवलेले अडीच मैल सापडले

कृत्रिम क्षितिज म्हणजे ट्रेमधल्या तेलाचा आरसा. सूर्य आणि त्यातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोन सेक्स्टंट या कोनमापकाने मोजायचा; तो सूर्याच्या उन्नतांशाच्या (क्षितिजापासूनच्या उंचीच्या) दुप्पट असतो, आणि त्यावरून अक्षांश निघतो. रत्नागिरीच्या गच्चीवरून घेतलेला २१ डिसेंबरचा मध्यान्ह वेध अखेर अर्ध्या सागरी मैलात बसला. मागचे तिन्ही वेध अडीच मैल दक्षिणेला पडत होते. चूक दर वेळी तेवढीच आणि एकाच दिशेला, म्हणजे दोष हाताचा नव्हता, उपकरणाचा होता.

पहिला चोर इंडेक्स एरर, म्हणजे कोन शून्य असतानाही सेक्स्टंट दाखवतो ती चूक. वाचन शून्याच्या पुढे असेल तर ती ‘ऑन’, मागे असेल तर ‘ऑफ’. सकाळी सावलीत ती ०.६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ऑन होती. सेक्स्टंट वीस मिनिटं उन्हात ठेवून सूर्याच्या दोन्ही कडांवरून पुन्हा मोजली: ऑन ३६.०, ऑफ २९.२. बेरजेचा चौथा हिस्सा १६.३, म्हणजे अल्मनॅकमधली (खगोलीय पंचांगातली) बिंबाची त्रिज्याच, त्यामुळे मोजणीवर भरवसा ठेवता येतो. फरकाची निम्मी ३.४ कला ऑन. प्लास्टिकची चौकट तापली की आरसे सरकतात. या २.८ कलांनी अक्षांशात १.४ मैल खाल्ले (कोन निम्मा होतो, आणि अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल). यापुढे इंडेक्स एरर वेधाच्या लगेच आधी आणि लगेच नंतर, तीही उन्हातच मोजायची.

उरलेला मैल वारा अडवायला ट्रेवर ठेवलेल्या काचेच्या छपराने घेतला. काच किंचित पाचरीसारखी असली की किरण वाकतो. छपराच्या एका बाजूला खूण करून १२:३३ ला वेध घेतला, छप्पर उलटं फिरवून १२:३७ ला दुसरा. मध्यान्ह १२:३५ चा. दोन मिनिटं अलीकडे-पलीकडे दुप्पट कोन जेमतेम ०.३५ कलेने घटतो, म्हणून ही अदलाबदल चालते. दोन वाचनांत ४.२ कलांचा फरक निघाला! सरासरी आणि ती छोटी दुरुस्ती धरून ९८°४०.०'. त्यातून ३.४ वजा, मग निम्मे: ४९°१८.३'. खालची कड म्हणून १६.३ मिळवले, वक्रीभवनाचे ०.८ वजा, लंबनाचा ०.१ अधिक: ४९°३३.९'. ९० मधून हे आणि क्रांतीचे (सूर्याच्या विषुववृत्तापासूनच्या अंतराचे) २३°२६.२' गेले की अक्षांश १६°५९.९' उत्तर. जीपीएस १६°५९.४' दाखवतो. डिप (डोळ्याच्या उंचीमुळे समुद्राचं क्षितिज खाली दिसतं त्याची दुरुस्ती) इथे लावायचाच नाही, आणि इंडेक्स एरर निम्मे करण्याआधीच काढायची. हिशेब बहुतेक या दोन ठिकाणी चुकतो.

काच घेताना दुकानदार ‘सगळी सारखीच’ म्हणेल. रात्री लांबच्या दिव्याचं प्रतिबिंब तिरप्या काचेत बघा. दोन ठिपके वेगळे दिसले तर ती काच नको. ट्रेमध्ये गॅरेजमधलं जुनं काळं इंजिन ऑइल सर्वांत उत्तम. पाणी वाऱ्याच्या झुळकीने हलतं. काकवी स्थिर राहते, पण मुंग्या लागतात आणि वर साय धरते.

आता घाई आहे. दुप्पट कोन १२० अंशांपुढे गेला की आमच्या सेक्स्टंटची पट्टी संपते, आणि इथे फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य ६० अंशांच्या वरच असतो. त्या काळात सकाळी नऊ आणि दुपारी तीनला सूर्यरेषा (एका वेधातून नकाशावर निघणारी स्थानरेषा) घेऊन त्यांचा छेद काढायचा, असं ठरलं होतं. पण हे लिहिताना अगस्त्य तारा आठवला. क्रांती सुमारे ५२°४२' दक्षिण, म्हणजे याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) उन्नतांश २० अंशांच्या आसपास, दुप्पट ४० च्या वर. पट्टीत आरामात बसतो. ध्रुव तेलात फार मंद दिसतो, अगस्त्याचं तेज मात्र पुरेल. फेब्रुवारीच्या मध्यात तो रात्री साडेनऊच्या आत याम्योत्तरावर येतो. वारा पडलेला असेल तर छप्पर काढूनच वेध घ्यायचा; वक्रीभवन मात्र तिथे २.६ कला धरावं लागेल. सूर्यरेषा त्यानंतर.