धाप लागली की चाला: गोव्यात जॉगिंगची सुरुवात

पहिल्याच दिवशी पणजीतल्या मिरामार किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायला जाणारे बहुतेक जण चौथ्या दिवशी घरीच दिसतात. दम महिन्याभरात वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात. नडगी दुखायला लागते ती यामुळेच.

आधी ५ मिनिटं भरभर चाला. मग १ मिनिट जॉगिंग, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. शेवटी ५ मिनिटं सावकाश चाला. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त झाला. दर आठवड्याला जॉगिंग अर्ध्या मिनिटानं वाढवा. जमलं नाही तर तोच आठवडा पुन्हा करा, त्यात कमीपणा नाही.

वाळूचं आकर्षण सगळ्यांनाच. पण कोरड्या वाळूत पाय रुततो, पोटरी आणि टाच भरून येते. ओहोटीला ओली, घट्ट वाळू मिळते. मात्र किनारा उतरता असल्यानं एकाच दिशेनं धावू नका, जितकं गेलात तितकंच परत या. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, ती बघून निघा. सुरुवातीला पणजीतल्याच कांपालचा सपाट पदपथ बरा.

दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग तापतं. सकाळी सातच्या आत आटपा. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर तर पाऊलही नको.

छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टर गाठा.