तुम्ही विचारलंत म्हणून: लेन्सला बुरशी लागत नाही का?

गळ्यातला कॅमेरा दिसला की हर्णैच्या बंदरावर कुणी ना कुणी विचारतंच, "आपल्या दमट हवेत एवढी जुनी लेन्स टिकते कशी हो? बुरशी नाही लागत?"

लागते. माझ्या लेन्सला लागलेली आहे.

निकॉनची ही 25-50 मिमी झूम 1979 साली आली. सगळं हातानं: एक कडं फिरवून झूम, दुसरं फिरवून फोकस. वजन 600 ग्रॅम, आणि तोंड एवढं मोठं की फिल्टर 72 मिमीचा लागतो.

बुरशी आणली माझ्याच हुशारीनं. पहिल्या पावसाळ्यात जपायची म्हणून चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवली. अंधार, कोंदट हवा, ओल धरणारं चामडं. बुरशीला आणखी काय हवं? गणपतीत काढली, ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला, तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन धागे. दुरुस्तीवाला म्हणाला, पुसून देतो, पण काचेवरचं कोटिंग बुरशीनं खाल्लं असेल तर डाग जायचा नाही. मग उघडूच दिली नाही.

आता ती घट्ट झाकणाच्या डब्यात असते, सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. तो 40 ते 50 टक्क्यांत राहिला की मी निवांत. सिलिका जेलचे निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले की मंद आचेवर भाजायचे, परत निळे होतात. त्या निळ्यात विषारी कोबाल्ट असतं, म्हणून तवा वेगळा. आषाढात आई विचारते, "आज परत तुझे चणे का?"

धागे फोटोत दिसतात का? ऊन पाठीशी असेल तर अजिबात नाही. पण हर्णैला लिलाव भरतो संध्याकाळी, बैलगाड्या मासळी आणायला पाण्यात उतरतात आणि सूर्य नेमका समोर, सुवर्णदुर्गाच्या अंगाला. तेव्हा सगळ्या चित्रावर ताक सांडल्यासारखं होतं. काळं काळं राहत नाही. उपाय एकच, डाव्या हाताची सावली लेन्सवर धरायची. मग फोकस कोण फिरवणार? म्हणून तो आधीच लावून ठेवतो: झूम 25 वर, ॲपर्चर आठ, अंतर तीन मीटरच्या जरा आत. दीड मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

फक्त 25 ला चौकट फार रुंद. माझ्या निम्म्या रोलांत सुरमईच्या ढिगावर, वरच्या कोपऱ्यात, माझाच अंगठा आहे.