ठेक्याच्या प्रोग्रॅममध्ये लुआ: तिसऱ्या आठवड्याची नोंद

तबल्याचा ठेका वाजवणाऱ्या माझ्या सी प्लस प्लस प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ताल थेट कोडमध्येच लिहिलेला होता. झपतालातला एक बोल बदलायचा म्हटला तरी सगळे पुन्हा कंपाइल करावे लागे. वादकाला स्वतःचा ठेका स्वतः लिहिता यावा, एवढ्यासाठी मी त्यात लुआ 5.4 बसवायला घेतली. रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात 1993 मध्ये जन्मलेल्या या भाषेचा पिंडच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये राहून काम करण्याचा आहे.

जोडणी एका संध्याकाळी झाली. वेळ खाल्ला तो स्टॅकने, म्हणजे लुआ आणि सी प्लस प्लस यांच्यात मूल्यांची देवघेव जिथे होते त्या चळतीने. आधी फंक्शन स्टॅकवर ठेवायचे, मग त्याला द्यायची आर्ग्युमेंट, मग पीकॉल करून ते चालवायचे. उत्तर तिथेच येते आणि वाचून झाले की ते आपणच काढायचे असते. मी ते काढत नव्हतो. ठेका सुरळीत वाजत असल्यामुळे दोन दिवस काहीच कळले नाही. अखेर दर समेला गेटटॉपचा आकडा, म्हणजे स्टॅकवर किती मूल्ये आहेत ते, छापला, तेव्हा तो आवर्तनागणिक 1 ने वाढताना दिसला. लुआ स्टॅकवर 20 रिकाम्या जागांची हमी देते, पुढची जबाबदारी आपली. आता प्रत्येक कॉलच्या आधीचा आणि नंतरचा आकडा मी असर्टने ताडून पाहतो.

सेकंदाला 48,000 सॅम्पल (आवाजाचे नमुने) हा सॅम्पल रेट आणि एका वेळी 256 सॅम्पलचा बफर धरला, तर ऑडिओ थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालून आवाज पुरवणाऱ्या धाग्याच्या, हाती जेमतेम 5.3 मिलिसेकंद असतात. तेवढ्यात लुआच्या गार्बेज कलेक्टरने (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागाने) डोके वर काढले तर आवाजात खटका येऊ शकतो, आणि लयीच्या साधनात तो मुळीच चालणार नाही. म्हणून वादकाने लिहिलेली लुआ स्क्रिप्ट मुख्य थ्रेडवर एक आवर्तन आधीच चालते, तिने दिलेले टेबल साध्या ॲरेत उतरवले जाते आणि ऑडिओ थ्रेड फक्त तो ॲरे वाचतो. त्यामुळे स्क्रिप्टमधला बदल समेपासूनच लागू होतो, आणि तालाच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

बोल देवनागरीत लिहिता येतात, याचे मला सर्वांत जास्त समाधान आहे. लुआची स्ट्रिंग म्हणजे निव्वळ बाइट असल्याने यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतल्या ‘धिं’ची लांबी ती 9 सांगते, तरी बोल आपापल्या ध्वनिमुद्रित आवाजाशी अचूक जुळतात. व्हेरिएबलची नावे मात्र रोमन लिपीतच ठेवावी लागतात.

कोणाच्या स्क्रिप्टमध्ये न संपणारे लूप आले, तर मुख्य थ्रेड अजूनही अडकून पडतो. ठरावीक सूचनांनंतर स्क्रिप्ट थांबवणारा काउंट हूक पुढच्या आठवड्यात बसवणार आहे.