एलएलबी झाली, पण दावा लिहिता येईना

‘पाच वर्षं कायदा शिकून साधा दावा लिहिता येत नाही, मग वकिलांवर आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख करणारी बार कौन्सिल करते काय?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नियम भरपूर आहेत, तपासणी भलतीकडेच होते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत ड्राफ्टिंगचा, म्हणजे मसुदे लिहिण्याचा, पेपर सक्तीचा आहे. दावे-अर्जांचे किमान 15 मसुदे, दस्तांचे 15, प्रत्येकी 3 गुण. उरलेले 10 तोंडीला. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी मागच्या बॅचचं जर्नल, म्हणजे मसुद्यांची वही, फिरतं, पक्षकारांची नावं बदलतात आणि आठवड्यात तिसांचा फडशा पडतो. असा दावा उघडून पाहा. वादाचं कारण कधी घडलं त्याची तारीख नसते, मग मुदत मोजणार कशी? दाव्याचं मूल्यांकन, म्हणजे तो किती रकमेचा ते, नसतं, म्हणजे कोर्ट फीचा आधारच गेला. शेवटच्या सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या कबुलीत, कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते इतरांकडून कळलेले, हे वेगळं लिहावं लागतं. तिथे सरसकट ‘वरील मजकूर खरा आहे’. वादाचं कारणच दिसत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 11 खाली दावा नामंजूर होतो.

ही चूक अंगवळणी पडू नये म्हणून मसुदा खुणा करून परत यायला हवा. पण 60 जणांच्या तुकडीचे 1800 मसुदे होतात, आणि ते तपासायला बहुतेकदा एकच प्राध्यापक. पाहणीला आलेली बार कौन्सिलची समिती ग्रंथालय, मूट कोर्टची (सरावाच्या कोर्टाची) खोली, शिक्षकांची यादी बघते. जर्नलं कपाटातच राहतात.

वकिली करण्यासाठी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षाही इथे कामाची नाही. 100 बहुपर्यायी प्रश्न, खुल्या गटाला 45 टक्के, सोबत टिपणांविना मूळ कायद्यांची पुस्तकं. कलम शोधता येतं का, एवढंच त्यातून कळतं.

मग प्रशिक्षण? वकिलीची सनद मिळण्याआधी वर्षभराच्या प्रशिक्षणाचा बार कौन्सिलचा 1995 चा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये व्ही. सुधीर खटल्यात रद्द केला. 2023 मध्ये घटनापीठाने त्या निकालाची बंधनं टिकणारी नाहीत असं ठरवलं, म्हणजे वाट मोकळी आहे. खरी अडचण पैशाची. 2024 मध्ये बार कौन्सिलने ज्युनियर वकिलाला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये देण्याची शिफारस केली, पण ती सक्ती नव्हे. विद्यावेतनाशिवाय प्रशिक्षण सक्तीचं केलं तर ज्याच्या घरी वर्षभर पोसायची ऐपत आहे तोच वकील होईल. 2025 पासून कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा लागू झाली, तिथेही हाच पेच आहे.

तोवर समितीने एवढं करावं: कपाटातली कोणतीही दहा जर्नलं काढावीत आणि त्या मुलांना समोर बसवून दाव्याच्या मूल्यांकनाचा एक परिच्छेद लिहायला लावावा. पालकांनीही प्रवेशाआधी एखादं तपासलेलं जर्नल मागून पाहावं. नुसतीच सही असेल तर दुसरं कॉलेज बघा.