सिनेमातल्या तलवारीची प्रतिकृती: पातं नंतर, मूठ आधी

फँटसी सिनेमातल्या तलवारीची प्रतिकृती समोर आली की नजर पहिल्यांदा पात्यावर जाते. चकचकीत पॉलिश, त्यावर कोरलेली अगम्य लिपी, मधोमध गेलेला नळ, म्हणजे लांब खोबण. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून फोटोही पात्याचेच जास्त असतात. पण पात्याला चकाकी आणणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. पैसे वाचवले जातात ते मुठीत आणि मूठ जिथे पात्याला मिळते त्या जोडात. म्हणून तपासणी मुठीपासून सुरू करावी आणि पात्याकडे शेवटी वळावं.

त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: तुलना कशाशी करायची? पडद्यावर दिसणारी तलवार ही एकच वस्तू नसते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन सिनेमांसाठी (2001 ते 2003) न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने एकेका तलवारीच्या अनेक आवृत्त्या केल्या होत्या. जवळच्या शॉटसाठी पीटर लायन या कारागिराने घडवलेली पोलादी तलवार, मारामारीसाठी हलकी ॲल्युमिनियमची आणि धडपडीच्या दृश्यांसाठी रबरासारख्या युरेथेनची. शिवाय काही पात्रं बुटकी दिसावीत म्हणून बऱ्याच वस्तू दोन मापांत बनल्या. त्यामुळे सिनेमा मध्येच थांबवून, मोबाइल शेजारी धरून चामड्याचा रंग जुळवत बसण्यात अर्थ नाही. पडद्यावरचा रंग प्रकाशयोजनेतून आणि नंतरच्या कलर ग्रेडिंगमधून आलेला असतो. पोलादी आवृत्तीचे प्रदर्शनात काढलेले, साध्या उजेडातले फोटो शोधा आणि प्रतिकृती त्यांच्याशी ताडून पाहा.

आता मूठ. एका हाताने पात्याचा गार्डजवळचा (गार्ड म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली आडवी पट्टी) भाग जाड कापडातून पकडा आणि दुसऱ्या हाताची मूठ वळून पॉमेलवर, म्हणजे मुठीच्या टोकाच्या गोळ्यावर, हलकेच ठोसे मारा. खुळखुळ ऐकू आली तर ती नेमकी कुठून येते ते बोटाने शोधा. गार्ड आणि पातं यांच्या सांध्यावर बोट ठेवल्यावर आवाज दबला, तर गार्डची खाच पात्यापेक्षा मोठी कापली गेली आहे. पॉमेल दाबून धरल्यावर दबला, तर पॉमेलच्या टोकाचा नट सैल आहे. दोन्ही ठिकाणी दाबूनही आवाज येत राहिला, तर बहुधा मुठीतलं लाकूड आक्रसलं आहे. हे तिसरं कारण पुण्यात फार दिसतं. पावसाळ्यात घट्ट वाटणारी मूठ एप्रिलच्या कोरड्या हवेत सैल होते आणि जुलैत पुन्हा गप्प बसते. त्यामुळे उन्हाळ्यात थोडी खुळखुळ आढळली म्हणून लगेच माल नाकारू नका. पावसाळ्यात आढळली तर मात्र नाकारा.

सैल नट एलन कीने पाव फेरा आवळला तर चालतो. त्यापुढे जोर लावू नका, कारण बहुतेक शोभेच्या तलवारींत त्या नटाखाली पात्याचाच भाग नसून वेल्ड केलेली आटे पाडलेली सळई असते. पात्याचा मुठीच्या आत जाणारा भाग म्हणजे टँग; अशा सळईला संग्राहक रॅट-टेल टँग म्हणतात. चार-साडेचार सेंटीमीटर रुंदीचं पातं गार्डच्या आत जाताच एकदम 6 ते 8 मिलिमीटरच्या सळईवर येतं. सगळा ताण त्या काटकोनी खांद्यावर आणि वेल्डच्या ठिसूळ पट्ट्यावर गोळा होतो. हवेत जोरात फिरवली की पातं तिथेच तुटू शकतं आणि समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं. बाहेरून पाहता हा दोष दिसत नाही. पॉमेलच्या टोकाला छोटा नट किंवा टोपीसारखा डोम नट असेल तर आत सळई असण्याची शक्यता जास्त. टँगचं टोक हातोडीने ठोकून चपटं बसवलेलं दिसलं, म्हणजे पीन केलेलं असलं, तर बांधणी बरीच विश्वासाची. खात्री हवी असेल तर विक्रेत्याकडे मूठ उतरवलेल्या तलवारीचा फोटो मागा. फोटो देत नसेल तर आत सळई आहे असं धरूनच किंमत ठरवा.

‘फुल टँग (मुठीच्या टोकापर्यंत गेलेला टँग) नाही म्हणजे तलवार खोटी’ असंही मात्र समजू नये. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, तिथल्या मुठी बारकाईने पाहा. आपल्याकडच्या तलवारींचा टँग आखूड असायचा आणि पोलादी मुठीत तो राळ, लाख भरून पक्का केला जायचा. युरोपी पात्यावर देशी मूठ चढवलेली फिरंगही अशीच बसवलेली असे, आणि त्या रणात चालल्या. तेव्हा जोडाची पद्धत परंपरेनुसार बदलते. पाहायचं एवढंच की जी पद्धत निवडली ती नीट निभावली आहे का. फँटसी सिनेमातल्या बहुतेक तलवारी युरोपी घाटाच्या असतात, म्हणून त्यांना युरोपी कसोटी लावायची.

गार्ड आणि पॉमेल बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, वर मुलामा. हा काही दोष नव्हे. दोष असतो ओतकामात. साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ कडेने दिसते का, बारीक छिद्रं आहेत का, नक्षीच्या खोलगट भागात मुलामा साचून रेषा बुजल्या आहेत का, हे तिरप्या उजेडात पाहा. नकली माल इथेच पकडला जातो. नकलाकार मूळ रेखाटनावरून साचा करत नाही. तो लायसन्स्ड, म्हणजे अधिकृत परवान्याने बनवलेल्या, प्रतिकृतीवरूनच साचा काढतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून अशी नक्कल मापाला थोडी कमी भरते आणि तिच्या कडा बोथट येतात. अधिकृत माप कंपनीच्या माहितीत दिलेलं असतं. गार्डची रुंदी व्हर्निअरने मोजा. रुंदी कमी भरली आणि नक्षीही मऊ दिसली, तर बॉक्सवर काहीही छापलेलं असो, माल संशयास्पद.

पात्याचा आणि गार्डचा सांधा तपासायला साधा कागद पुरतो. तो सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. कागद अडकत अडकत जात असेल तर काम उत्तम. व्हिजिटिंग कार्ड अलगद आत जात असेल तर काम ढिलं. मुठीवरचं चामडं खरं की रेक्झिन, हे पृष्ठभागावरून कळत नाही. शिवणीची किंवा टोकाची कापलेली कड भिंगाखाली धरा. रेक्झिनच्या आत कापडाची वीण दिसते.

मग पातं. चुंबक लावून पाहणं सोपं असलं तरी त्यातून निष्कर्ष जपून काढा. 420 प्रकारचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं आणि कार्बन पोलादही चिकटतं, म्हणजे या दोघांतला फरक चुंबक सांगत नाही. चुंबक चिकटलंच नाही तर पातं ॲल्युमिनियमचं किंवा 304 सारख्या, कडक न होणाऱ्या स्टेनलेसचं आहे, एवढं कळतं. काही जण मोरचुदाच्या पाण्याचा थेंब टाकून पाहायला सांगतात: तांब्याचा थर बसला तर कार्बन पोलाद, नाही बसला तर स्टेनलेस. ते करू नका. कमी क्रोमियमच्या स्टेनलेसवरही तांब्याचा थर बसू शकतो, त्यामुळे उत्तर फसवं मिळतं आणि पात्यावर डाग पडतो तो वेगळाच. वर्णनात 1060 किंवा 1095 असे आकडे असतील तर ते कार्बनचं प्रमाण सांगतात, अनुक्रमे सुमारे 0.60 आणि 0.95 टक्के. शोकेससाठी 420 स्टेनलेस पूर्ण योग्य आहे. ते कमी गंजतं आणि चकाकी टिकवतं. लांब पात्यात ते आपटलं तर तुटण्याचा धोका असतो, पण भिंतीवरच्या तलवारीला आपटायचंच नसतं.

जाडी तीन ठिकाणी मोजा: गार्डजवळ, मध्यावर आणि टोकाच्या अलीकडे चार बोटांवर. चांगल्या कामात ती टोकाकडे कमी होत जाते, उदाहरणार्थ 6 मिलिमीटरवरून 3 पर्यंत. तिन्ही आकडे सारखेच आले तर सरळ पट्टीतून पातं कापलं आहे. त्यानंतर ट्यूबलाइटखाली उभं राहा, तलवार डोळ्यासमोर गार्डकडून टोकाकडे धरा आणि पात्यावरचं ट्यूबचं प्रतिबिंब हळूहळू सरकवा. प्रकाशाची ती रेघ सरळ धावली पाहिजे. ती जिथे वळवळते तिथे ग्राइंडिंग लाटांसारखं झालं आहे. मधला उंच कणा किंवा नळ टोकाला पोहोचता पोहोचता एका बाजूला झुकतो का, तेही याच वेळी दिसतं. ही तपासणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण फोटोत हा दोष लपतो आणि घरी भिंतीवर मात्र रोज खुपतो.

कोरीव अक्षरांवरून नख फिरवा. आम्लाने कोरलेल्या अक्षराची कड नखाला अडते. नुसती लेझरने भाजलेली राखाडी अक्षरं गुळगुळीत लागतात आणि वारंवार पुसल्याने फिकी होतात. अक्षरांचा क्रमही अधिकृत फोटोशी ताडा. नकलेत एखादं चिन्ह उलटं किंवा गाळलेलं सापडतं.

वजन सामानाच्या हुकाच्या काट्यावर कळतं. खऱ्या मध्ययुगीन दोन हाती लाँगस्वॉर्डचं वजन साधारण 1.2 ते 1.6 किलो असे. शोभेच्या प्रतिकृती सहज 2 किलोंच्या पुढे जातात. तोल मोजायला पातं एका बोटावर आडवं तोलून धरा आणि गार्डपासूनचं अंतर मोजा. 7 ते 12 सेंटीमीटर असेल तर घडवणाऱ्याने विचार केला आहे. 18-20 असेल तर तलवार हातात पुढे झुकते. प्रदर्शनाला त्याने बिघडत नाही, पण त्याच किमतीत दोन पर्याय असतील तर चांगल्या तोलाची घ्यावी.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण गांभीर्याने. 2016 च्या शस्त्र नियमांत धारदार हत्यारांसाठी पात्याची लांबी 9 इंच आणि रुंदी 2 इंच ही मर्यादा आहे. कुठलीही तलवार लांबीत तिच्या पुढेच जाते. म्हणून प्रतिकृतीला कधीही धार लावू नका. धार लावली की ‘शोभेची वस्तू’ हा दावाच संपतो. पुण्यात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश काढतात, त्यात तलवारीचं नाव असतं. वेशभूषेच्या कार्यक्रमाला फोमची तलवार न्यावी. धातूची, म्यानात असली तरी, नेऊ नये. परदेशातून मागवताना कस्टम्सच्या वर्गवारीत तलवारी शस्त्रांच्या प्रकरणात, 9307 या शीर्षाखाली येतात. पार्सल अडकू शकतं, म्हणून आधीच आयात झालेला आणि बिलासह मिळणारा माल बरा.

देखभालीत दोन चुका सर्रास होतात. एक, तलवार चामड्याच्या म्यानात ठेवून देणं. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि पावसाळ्यातली ओल मिळून स्टेनलेसवरही ठिपके पाडतात. म्यान शेजारी टांगा, तलवार बाहेर. दुसरी, मुलाम्याच्या गार्डला देवाच्या पितळी उपकरणांसारखं चिंच-लिंबाने किंवा पावडरीने घासणं. मुलामा मायक्रॉनमध्ये असतो, दोन-तीनदा घासला की खालचं राखाडी जस्त डोकावतं. मऊ सुती कापड पुरे. पात्याला हात लागला की घाम पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

टांगायची भिंत निवडताना बाहेरची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळा. नव्या सोसायट्यांत आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लग महिनाभरात ढिला होतो. या ब्लॉकसाठी मिळणारा खास प्लग पुण्याच्या बोहरी आळीत मागून घ्या. लाकडी फळीसह एकूण वजन चार-पाच किलो होतं, म्हणून किमान दोन प्लग, आणि भार गार्डखालच्या खुंटीवर येईल अशी रचना करा. ओळंबा लावून खुणा करा, फळी तिरकी बसली की तलवार सरकत जाते. लहान मुलं असतील तर टोकाकडच्या खुंटीवर पातं पारदर्शक नायलॉन दोऱ्याने बांधून टाका.